दुधाच्या टँकरचा हात

एल्दो गास्ताल्दीने गिअर बदलला की शेजारी बसलेल्याला ते इंजिनाच्या आवाजावरून कळायचं, अंगाला हिसका म्हणून कधी जाणवायचा नाही. कोलोनिया सान ओनोफ्रे गावात त्याला नावाने हाक मारणारी माणसं थोडीच होती. बाकी सगळ्यांचा तो ‘रेशीम’.

हा हात त्याला दुधाने दिला होता. त्याचा बाप पहाटे गोठ्या-गोठ्यांवरून दुधाचे कॅन लॉरीत चढवायचा आणि ऊन तापायच्या आत चीजच्या कारखान्यात पोचवायचा. रस्ते सगळे मातीचे. पाऊस झाला की चिखलाची लापशी, नाही झाला की धुळीचे लोट. एल्दोला मिसरूड फुटायच्या आत बापाने त्याच्या हाती स्टिअरिंग दिलं आणि एकच गोष्ट शिकवली. क्लच दाबायचा, गिअर मधोमध आणायचा, एक श्वास थांबायचं आणि मग अलगद पुढे न्यायचा. हिसका बसला की मागे कॅन खणखणायचे आणि बाप म्हणायचा, "आलं लोणी वर! आता कारखान्यात ताक विकू, चल."

पुढे कॅन गेले, टँकर आला. बापही गेला. तो एक श्वास मात्र एल्दोच्या हातात राहिला.

दर दोन रविवारांनी एल्दो शर्यतीत उतरायचा. आसपासच्या गावांचे मातीचे ट्रॅक, जुन्या लहान फियाट गाड्या, कुंपणाला टेकून ओरडणारी माणसं. गाडी एकट्याची नव्हती, गावच्या पेन्याची होती. पेन्या म्हणजे शर्यतवेड्यांची मंडळी. शुक्रवारी संध्याकाळी निखाऱ्यावर मांस भाजायचं आणि रविवारी काय चुकलं यावर भांडायचं, हे तिचं मुख्य काम. एल्दो पहिला क्वचितच यायचा. पण बाकीच्यांच्या गाड्या दोरीला बांधून परतायच्या तेव्हा ह्याची स्वतःच्या चाकांवर घरी यायची. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकही गिअर तुटला नव्हता, आणि हे तो स्वतः कधी सांगायचा नाही, कारण सांगायला अख्खं गाव होतं.

गिअरबॉक्स बांधायची ती त्याची धाकटी बहीण डेल्फिना. बाप दुपारी लॉरीचं पोट उघडून बसायचा तेव्हा एल्दो झोपायचा आणि डेल्फिना दिवा धरायची. बाप गेल्यावर दुरुस्तीची शेड तिने घेतली. सुरुवातीला फक्त ट्रॅक्टर आले, तेही ज्यांना दुसरीकडे उधार मिळत नव्हतं त्यांचे. मग एका शर्यतवाल्याने नाइलाजाने गिअरबॉक्स आणला, तो हंगामभर टिकला, आणि हळूहळू शेजारच्या गावांच्या गाड्याही तिच्या दारात यायला लागल्या. हे नाव तिने कसं कमावलं ते तिलाच ठाऊक. बाईच्या हातचा गिअरबॉक्स म्हटल्यावर प्रत्येक खरखर आधी तिच्याच नावावर लागायची.

त्या वर्षी पेन्याने ठरवलं की गाडीला शर्यतीचे गिअर बसवायचे. डेल्फिनाने शेडमधल्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली आणि नवे गिअर मांडले. मूळच्या गिअरचे दाते तिरके होते, ह्यांचे सरळ आणि रुंद. बेअरिंग तिने घरात नेऊन पावाच्या ट्रेवर ठेवली आणि ओव्हनमध्ये तापवली, म्हणजे शाफ्टवर हातोडा न मारता सरकतील. एल्दो तिथेच स्टुलावर बसून माते, म्हणजे नळीने ओढायचा कडवट चहा, ओतत होता. तिचे हात तेलाने माखलेले, म्हणून तो नळी तिच्या तोंडाशी धरायचा.

"पितळी कडी कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"ह्यात नसतात. त्यांच्या जागी हे खुंट." तिने गिअरच्या बाजूचे जाड चौकोनी खुंट दाखवले. "ह्याचे खुंट त्याच्या खाचेत जाऊन बसतात. झालं."

"आणि दोघांचा वेग जुळवणार कोण? कडी नाहीत तर?"

"तुझा हात."

"मग काळजी नको," एल्दो म्हणाला आणि उरलेला माते स्वतः ओढून घेतला.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. सरळ दात्यांचा आवाज असतोच तसा, लांबलचक शिट्टीसारखा, वेगाबरोबर चढत जाणारा. पेन्याचा अध्यक्ष हेर्मेस, सगळे मानाने ‘डॉन हेर्मेस’ म्हणायचे तो, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातून धावत आला. "अरे रेशीम, आत मांजर अडकलंय का?"

एल्दो हसला नाही. तो थक्क झाला होता. आजवर दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं की इंजिन धाप लागल्यासारखं खाली बसायचं आणि पुन्हा उठेस्तोवर वळण निघून जायचं. आता दोन्ही गिअर एकमेकांना खेटून होते. तिसरा पडला की गाडी जिथे सोडली तिथूनच पुन्हा धावत होती. परत आल्यावर त्याने डेल्फिनाला एवढंच सांगितलं, "बाबा असते तर रडले असते." ती म्हणाली, "बाबा असते तर आवाजाबद्दल शिव्या घातल्या असत्या."

पहिल्या शर्यतीत शेवटाकडे तिसरा गिअर आपोआप सुटला. पाय दाबलेला, इंजिन किंचाळतंय आणि गाडी मोकळी. एल्दोने हाताने दांडा धरून ठेवला आणि कशीबशी शर्यत संपवली. डेल्फिनाने बॉक्स उघडून तिसऱ्या गिअरची जपून ठेवलेली दुसरी जोडी बसवली, गिअर सरकवणारा फोर्क पुन्हा जुळवला. दुसऱ्या शर्यतीत तो अर्ध्यातच सुटला, आणि वळणावर सुटल्यामुळे गाडी फिरून टायरांच्या भिंतीला लागली.

शुक्रवारी मांसाचा पहिला तुकडा कापायच्या आधीच डॉन हेर्मेस बोलला. "मी कुणाला दोष देत नाही. पण ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स वेगळा, हा वेगळा."

"फोर्क नीट बसला नसेल," दुसरा म्हणाला.

"शाफ्टवरच्या चकत्या कमी पडल्या असतील."

"रेशमाच्या हातात गिअर सुटतो म्हणजे आतच काहीतरी गडबड. त्याचा हात अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे."

एल्दो गप्प राहिला. त्यालाही तसंच वाटत होतं, म्हणून. डेल्फिना त्या दिवशी आली नव्हती. सोमवारी शेजारच्या गावचा आबेलार्दो तोसेली शेडमध्ये आला, हवापाण्याचं बोलला, गायींचं बोलला, आणि आठवड्यापूर्वी दुरुस्तीला ठेवलेला आपला गिअरबॉक्स न उघडताच उचलून घेऊन गेला. डेल्फिनानेच त्याला तो गाडीत चढवायला हात दिला.

त्या दुपारी तिने पुन्हा सगळं उघडलं. फोर्क मोजला, चकत्या मोजल्या, शाफ्टची हालचाल डायल लावून पाहिली. सगळं जिथल्या तिथे. मग तिने तिसरा गिअर पुसून उजेडात धरला. खुंटांचे कोपरे झिजून गोल झाले होते, समुद्रातल्या गोट्यांसारखे. तिने एल्दोला बोलावलं.

"तू गिअर कसा टाकतोस?"

"म्हणजे? जसा टाकतो तसा. प्रेमाने."

"मधे थांबतोस?"

"थांबणारच. नाहीतर काय हिसकून टाकू?"

"हो," डेल्फिना म्हणाली.

त्याने वाकून तिच्या हातातला गिअर जवळून पाहिला.

"एल्दो, ऐक. तू थांबतोस तेवढ्यात दोघांचे वेग बिनसतात. मग तू हळूच नेतोस, आणि खुंट खाचेत न जाता खाचेच्या कडेवर घासत बसतात. दर वेळी थोडा थोडा. पितळी कडी होती तोवर ती तुझे लाड करत होती. ह्याला लाड चालत नाहीत. एकदम मारायचा, विचार न करता."

"म्हणजे गिअर मी झिजवले?"

"तुझ्या हाताने झिजवले."

"हा हात दुधाने भरलेला टँकर चालवतो, पोरी! गावात कुणालाही विचार. तुझ्या बॉक्समध्ये खोट निघाली म्हणून आता माझ्यावर ढकलतेस?"

डेल्फिनाने गिअर चादरीवर ठेवला. "ठीक आहे. गावात मी कुणाला काही सांगणार नाही. तू म्हणतोस तसंच." आणि ती हात धुवायला निघून गेली.

ती भांडली असती तर एल्दोला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी टँकर घेऊन निघाला तर त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या उजव्या हातावर. क्लच, मधोमध, श्वास, अलगद पुढे. पुन्हा क्लच, मधोमध, श्वास. नको म्हटलं तरी हात थांबायचाच. रोजच्या वाटेवरच्या बैलासारखा, मालक झोपला तरी आपल्या जागी उभा राहणारा. शेवटच्या गोठ्यावर दूध भरून होईपर्यंत त्याला डेल्फिनाचं म्हणणं पटायला लागलं होतं.

संध्याकाळी तो शेडमध्ये गेला. गाडीत शेवटची जोडी बसवून झाली होती.

"दाखव," तो म्हणाला.

"सरक तिकडे."

डेल्फिना स्टिअरिंगवर बसली. गावाबाहेर, सोयाबीनच्या शेतांमधून जाणाऱ्या सरळ मातीच्या रस्त्यावर तिने गाडी सोडली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण चढलं, आणि तिने पाय किंचित सैल करून दांडा अक्षरशः तोडल्यासारखा पुढे हाणला. एल्दोने डोळे मिटले.

"खुनी बाई! मोडशील!"

"मोडलं का?"

मोडलं नव्हतं. साधा टक्क असा आवाज आला होता, कुलूप लागल्यासारखा. शिट्टी तुटली नव्हती, गाडी थबकली नव्हती. मग तिने चौथा मारला, खाली येताना पायाने ॲक्सिलरेटरला एक ठोसा देऊन तिसरा मारला. टक्क. टक्क.

"आता तू."

पहिल्या खेपेला त्याचा हात मधोमध थांबला आणि आत करकर वाजलं. डेल्फिनाने त्याच्या दंडावर चापट मारली. "दूध नाहीये मागे! मार!"

"मारतोय की!"

"हे मारणं? मांजर कुरवाळतोस तू. मार!"

"अगं, पण बाबा..."

"बाबांनी लॉरी शिकवली तुला. ही लॉरी नाही. मार!"

चिडून त्याने मारला. टक्क. मग पुढच्या वेळी पुन्हा हात थांबला, आणि पुन्हा चापट. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी त्या रस्त्याने शिट्टी आणि ‘मार!’ अशी ओरड येत राहिली. शेतावरच्या एका म्हातारीने तर डॉन हेर्मेसला विचारलं की गास्ताल्दी बहीणभावांचं वाटणीवरून काही बिनसलंय का. टँकरवर मात्र एल्दोची पंचाईत झाली. एका सकाळी त्याने चुकून तिसरा हिसकून टाकला आणि मागचं दूध धबाककन आदळलं. त्याने तिथल्या तिथे टँकरची क्षमा मागितली.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला हात घाबरत होता. पुढे धुळीत पुढची गाडी दिसेना, मागची ढकलायला लागली, आणि विचार करायला सवडच उरली नाही. तसे गिअर आपोआप पडायला लागले, टक्क, टक्क. एका वळणावर जुना श्वास मधे आला, करकर वाजलं, तो स्वतःवरच ओरडला, "मार!" तिसरा गिअर शेवटपर्यंत सुटला नाही. एल्दो तिसऱ्या नंबरवर आला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या डेल्फिनाने निकालाकडे बघितलंच नाही, तिने गिअरबॉक्सचं तेल काढून बोटांवर चोळून बघितलं. धातूचा चुरा नव्हता.

त्या शुक्रवारी तीही आली. तोसेलीही आला होता, पाहुणा म्हणून. निखारे छान धरले होते, चोरिझोचे सॉसेज फुटून चरबी ठिबकत होती. डॉन हेर्मेसने वाइनचा ग्लास वर केला.

"डेल्फिनासाठी! चुकत-माकत का होईना, शेवटी बाईला बॉक्स जमला!"

सगळ्यांनी ग्लास उचलले. मनापासून उचलले, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. डेल्फिना पावाचा तुकडा मोडत राहिली. तिने एल्दोकडे बघितलंसुद्धा नाही. तो काही न बोलता प्यायला असता तर तिने तो विषय कधीच काढला नसता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

त्याने ग्लास खाली ठेवला.

"तिन्ही वेळा तिने सारखाच बसवला," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"बॉक्स. पहिल्या दिवशी जसा बसवला तसाच आजही आहे. गिअर मी खाल्ले. हळूहळू टाकून. ह्या गिअरना मारावं लागतं, आणि मी त्यांना दुधासारखं जपत होतो. तिने मला सांगितलं तर मी तिच्यावरच उलटलो. आणि तुम्ही बोलत होता तेव्हा इथे मी तोंड मिटून मांस खाल्लं."

निखाऱ्यावर चरबी चुरचुरली.

"तू?" डॉन हेर्मेस म्हणाला. "तू गिअर खाल्लेस? रेशीम?"

"दोन जोड्या."

टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपण इतकी वर्षं दूधवाल्याला शर्यतीची गाडी देत होतो!" आणि मग जे हसू फुटलं ते थांबेचना. एल्दोचे कान लाल झाले, पण तो बसला नाही.

"पुढच्या शर्यतीला कुणाला बसवायचं ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "बॉक्सबद्दल मात्र पुन्हा काही ऐकलं तर मी ह्या टेबलावर येणार नाही."

"बस आता," डेल्फिना म्हणाली. "तुझं मांस गार झालं." तिने आपल्या ताटातला चोरिझो त्याच्या ताटात टाकला आणि पुन्हा पावाकडे वळली.

डॉन हेर्मेस डोकं खाजवत उठला, तिच्यापाशी गेला आणि काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "बरं, बरं. मीठ द्या इकडे." त्यापुढे त्यावर कुणी बोललं नाही.

माणसं पांगायला लागली तेव्हा तोसेली टोपी हातात घेऊन आला.

"सोमवारी शेडवर असशील का? बॉक्स परत आणीन म्हणतो."

"सोमवारी नको, मंगळवारी आण," डेल्फिना म्हणाली. "आणि तुझा ड्रायव्हरही घेऊन ये. बॉक्स उघडायच्या आधी मला त्याचा हात बघायचाय."