भुरीच्या मानेतलं पाणी

मूळच्या वऱ्हाडातल्या देवीदासचं अर्धं आयुष्य रायपूरजवळच्या भनपुरीतल्या एका बर्फाच्या कारखान्यात गेलं. लग्नातलं सरबत असो, मासळी असो, की दूरच्या लेकाची वाट पाहत ठेवलेलं प्रेत असो, बर्फ त्याच्याच हातचा. थंडीनं टिकत नाही अशी वस्तू जगात नाही, हे तो छाती ठोकून सांगायचा आणि त्याला खोडून काढायची कुणाची टाप नव्हती. कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या बर्फ झाकायच्या भुशाच्या ढिगात जन्मलेली भुरी कुत्री तेवढी त्याच्यासोबत घरी आली. बायको आधीच गेलेली. घरात बोलायला भुरीच.

रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं, लाल दिव्यांच्या गाड्या धावू लागल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात भुरीचे मागचे पाय गेले. मान हलवली की ती किंचाळायची. पंडरीतल्या जनावरांच्या डॉक्टर मंजिरीबाईंनी तिला तपासलं.

"काका, मेंदूभोवती अन् कण्यात पाणी असते. ते तपासल्याबिगर औषध देता येत नाही. नुसती सूज असली तर ह्या औषधानं उठून बसंल. जंतू असले तर त्याच औषधानं तिचा जीव जाईल."

भूल देऊन भुरीच्या मानेतून सुईनं थेंब थेंब पाणी काढून नळीत घेतलं. देवीदासनं जन्मभर पाणीच पाहिलं होतं, पण इतकं निर्मळ कधी नाही. आपली ही भुशातली भुरी आत असलं काही घेऊन फिरत होती!

"थंड ठेवून लॅबमध्ये न्या," बाई म्हणाल्या. बर्फवाल्याला आणखी काय सांगायचं? त्यानं नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि बर्फावर सवयीनं मूठभर जाडं मीठ टाकलं. मिठानं गारवा वाढतो, कारखान्यातलं पोरगंही सांगेल.

लॅबमधल्या विनायकनं नळी काढली, तर आत बर्फाचा खडा. वितळवून पाहिलं, तर पेशी फुटून नुसता चिखल. निदान होणार कसं?

"मीच मारलं न तिले?" देवीदास दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला.

मंजिरीबाई शेजारी टेकल्या. "गार पाहिजे काका, गोठलेलं नाही. मीच नीट सांगितलं नाही. हे पाणी लय पातळ असते, त्यातल्या पेशींना आधार नसते. तासाभरात फुटाया लागतात. या वेळेस दोन नळ्या भरू. एक तशीच. दुसरीत तिच्याच रक्ताची, ते थिजल्यावर वर येते ती पिवळी निवळ, थोडे थेंब. त्यानं पेशी टिकतात."

"तिचंच रक्त तिले सांभाळते?"

"हव."

दुसऱ्यांदा भूल द्यायची म्हणजे जिवाशी खेळ होता. भुरीनं ती कशीबशी सोसली. देवीदास डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसला आणि चौकात पोलिसांनी रस्ता अडवला. कुणा मंत्र्याचा ताफा जायचा होता. ऊन रणरणत होतं, डब्यात बर्फाचं पाणी झालं होतं. देवीदासनं मंत्र्याला मनातल्या मनात अस्सल वऱ्हाडी शिव्या घातल्या. शेजारच्या कुल्फीवाल्यानं डब्यातलं पाणी पाहून न मागताच बर्फ दिला आणि विचारलं, "भैया, नमक भी डालूँ?"

देवीदासनं दोन्ही हातांनी डबा झाकला. "नहीं बाबा! सिर्फ बर्फ." नळ्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या, त्या बर्फाला टेकू नयेत म्हणून त्यानं आणखी वर उचलून धरल्या.

विनायकनं बराच वेळ सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावला. मग उठून त्यानं देवीदासला बसवलं. "देखिए काका."

गोल, जांभळ्या, एकही न फुटलेल्या पेशी दिसल्या.

"ही माझी भुरी हाय?"

"आपकी ही है. जंतू नहीं दिखे, कहीं नहीं."

देवीदासनं त्या भिंगाला हात जोडले. आपल्या सगळ्या बर्फानं जे जमलं नसतं, ते तिच्या स्वतःच्या रक्ताच्या चार थेंबांनी केलं होतं. तो थक्क झाला आणि तसाच थक्क राहिला.

म्हणजे नुसती सूजच होती; बाईंनी तिच्यावरचं औषध सुरू केलं. एका सकाळी तो चहा गाळत असताना मागे नखं वाजली. भुरी लटपटत दारापर्यंत आली होती. देवीदासनं गाळणी खाली ठेवली आणि त्याचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला; तसलंच निर्मळ पाणी इथंही असेल.