बाबांच्या चेहऱ्यावरची चिलटं

चिलट हाकलायला अक्कल लागत नाही, हात लागतो. बाबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेलाच, आणि डावा छातीपर्यंत येऊन थकायला लागला. चिलटांना रान मोकळं झालं. ती नाकाशी बसायची, ओठांच्या कोपऱ्यात बसायची, डोळ्याच्या कडेला बसायची. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या धगीत नोकरी काढलेला हा माणूस भुवया हलवून, गाल फुगवून त्यांना उडवायला बघायचा आणि हरायचा. मला ते बघवत नसे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, कीटकांशी माझं वैर नाही. पण या चिलटांवर मी डूख धरला.

नागपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांचा पलंग गॅलरीच्या खिडकीशी होता. झाडं दिसावीत म्हणून तो तिथे लावला होता. आई सकाळपासून त्यांच्या उशाशी स्टूल टाकून बसायची आणि वर्तमानपत्राची घडी हलवत राहायची. जेवायची तिथेच, भाजी निवडायची तिथेच. आंघोळीला गेली तरी आतून ओरडून विचारायची, "बसलं का वं?" तिची कंबर दुखायची, पण माझ्या हातात कागद द्यायला ती तयार नसे. तिच्या मते मला नीट हाकलता येत नव्हतं.

उपाय सुचवणाऱ्यांची कमी नव्हती. पुण्याहून सुटी काढून आलेला माझा भाऊ फवाऱ्याचा डबाच घेऊन आला. पण राखेत काम करून बाबांची फुप्फुसं आधीच कामातून गेलेली, आणि खोलीत फवारा, अगरबत्ती, धूर काही चालणार नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. शिवाय मला ते दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला असं वाटत होतं. उडणारी चिलटं मारून काय होणार? ती जन्मतात कुठे ते शोधायला हवं होतं.

मी बटाट्याच्या चकत्या कापल्या आणि गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये मातीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चकत्या उलटल्या, तर खाली काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या, काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या वळवळत होत्या. मोगऱ्यात होत्या, कढीपत्त्यात होत्या, आणि सगळ्यात जास्त भिवापुरी मिरचीत. ते बी आईच्या माहेरचं. बाबांनी ते दर वर्षी राखून ठेवलं होतं, आणि माहेरच्या माणसांपेक्षा मिरचीच जास्त इमानदार आहे म्हणून आईला चिडवलं होतं.

"कुंड्या काढून टाक ना, ताई. काहून एवढा त्रास करून राहिली?" भाऊ म्हणाला, आणि त्याने मिरचीची कुंडी उचललीसुद्धा.

बाबांच्या घशातून असा आवाज आला की त्याने ती जागच्या जागी ठेवली. लकव्यानंतर त्यांना शब्द जमत नसत, एखादा आला तर आला. पण त्या आवाजाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. कुंड्या राहणार होत्या, फवारा मारता येणार नव्हता, आणि चिलटं जायलाच हवी होती. भाऊ म्हणाला, हे होणार नाही. मला कुणी "होणार नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

काट्याने काटा काढायचा मी ठरवलं. या अळ्यांना मातीतच खाणारे शत्रू असतात. त्यातले एक म्हणजे सूत्रकृमी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जंत. ते अळीच्या अंगात शिरतात आणि तिला आतून संपवतात. माणसाला, झाडाला त्यांचा काही त्रास नाही. जैविक औषधं विकणाऱ्या एका दुकानदाराला सांगून मी पाकीट मागवलं. ते थंड ठेवावं लागतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं. तासाभरात स्वयंपाकघरातून आईची हाक आली.

"हे का आणलं वं?"

"जंत आहेत."

"जंत? अन् दह्याच्या बाजूले ठेवले?"

मी तिला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, आणि मग म्हणाली, "रोज सकाळी पंचशील म्हणतो आपण. अन् तू घरात जीवावर जीव सोडून राहिली."

"त्यायचं खानंच ते आहे, आई. भिंतीवरची पाल का उपास करते?"

"पालीले मी फ्रिजमंधी ठेवत नाई," आई म्हणाली. मी पाकीट दह्यापासून लांब, खालच्या कप्प्यात ठेवलं.

ऊन उतरल्यावर मी ते पाकीट पाण्यात कालवून कुंड्यांना घातलं, कारण उन्हात हे जंत मरतात. खिडकीशी पिवळं चिकट कार्ड टांगलं. त्यावर किती चिलटं चिकटतात त्यावरून उपाय लागू पडतोय का ते कळणार होतं. पी हळद आणि हो गोरी असं यात नसतं, हे मी पुण्याला परतलेल्या भावाला फोनवर तीनतीनदा सांगितलं. खरं तर मी ते स्वतःलाच सांगत होते, कारण कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आधी मी कार्ड बघायची.

चिलटं कमी झाली. मी वर्गात शिकवतानाही खुशीत होते. आणि मग ती पुन्हा वाढली, पहिल्यापेक्षाही जास्त. एक तर बाबांच्या नाकात गेलं आणि ते ठसकले, घुसमटले. आईने त्यांची पाठ चोळली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

कुठे चुकतंय ते बघायला मी सुटी टाकून घरी थांबले. सकाळचा चहा झाला. आईने गाळणीतला चोथा उचलला, दूध-साखरेसकट, आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांमध्ये घातला. तांदळाचं धुवण घातलं. मग बाबांकडे वळून म्हणाली, "टाकलं हो, मिरचीले जास्त टाकलं." मी एकीकडून अळ्या मारत होते आणि आई दुसरीकडून त्यांना जेवू घालत होती.

"आई, त्याच चोथ्यात चिलटं अंडे घालतात!"

"ते रोज टाकत होते," आई म्हणाली. "मी नाई टाकलं तं त्यायले का वाटंल? पडल्या पडल्या पाहून राहिले ना ते. झाडं वाळले अन् ते उठून बसले, तं मी का सांगू?"

ते उठून बसतील असं तिला अजून वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी मला आणि भावाला वेगळं काही सांगितलं होतं. मी तिच्याशी वाद घालू शकत होते. वर्गात घालते तसा मुद्देसूद घातला असता आणि जिंकलेही असते. पण मला बाबांच्या चेहऱ्यावरून चिलटं हटवायची होती, आईला हरवायचं नव्हतं.

आम्ही तोड काढली. आई चोथा रोज बाबांना दाखवणार, पण टाकणार गच्चीवरच्या झाकणाच्या डब्यात, वाळल्या पानांत. कुजून त्याची माती झाली की तीच कुंडीत घालायची. पाणी द्यायचं ते माती वरून सुकल्यावरच. मी सूत्रकृमी पुन्हा मागवले, कुंड्यांना घातले, आणि वरून कन्हान नदीच्या वाळूचा कोरडा थर दिला. सगळ्यांचं तंत्र सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले. शेजारीण तिच्या कुंड्यांसाठी चोथा मागायला आली तर आईने तिलाही पकडून व्याख्यान दिलं, जंतांसकट. मी दिलं होतं त्यापेक्षा ते चांगलं होतं.

थंडी पडायला लागली तोवर कार्डावर एखादंच चिलट दिसू लागलं, मग तेही नाही. बटाट्याच्या चकत्या उलटल्या तर खाली नुसती ओल. मिरचीला फुलं आली होती. मी भावाला कार्डाचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. त्याला जे कळायचं ते कळलं.

आई सुटली. ती सावकाश आंघोळ करायला लागली, रविवारी विहारात जायला लागली, दुपारी आतल्या खोलीत कंबर टेकायला लागली. कितीतरी दिवसांनी ती झोपेत घोरताना ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. बाबा मात्र जेवताना तोंड फिरवायला लागले. मला वाटलं थंडीने असेल. डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही तसंच वाटलं.

एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसून पेपर तपासत होते. आई आत पडली होती. बाबा म्हणाले, "चिलट."

इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून कैक दिवसांत आला नव्हता. मी दचकून उठले. त्यांचा चेहरा बघितला, उशी बघितली, कार्ड बघितलं, टॉर्च लावून कुंड्यांतली वाळूसुद्धा बघितली.

"बाबा, एकही नाई आहे. बघा तुम्ही."

"चिलट," ते मोठ्याने म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, दाराकडे बघून.

आई केस बांधत आली. तिने मला काही विचारलं नाही, कार्डाकडे पाहिलं नाही. स्टूल ओढून ती उशाशी बसली आणि त्यांच्या कपाळावरून, गालावरून हळूहळू हात फिरवू लागली.

"हो हो, आहे ना. मोठंच आहे," ती म्हणाली.

मी टॉर्च बंद केला. बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ ती तसाच हात फिरवत राहिली. मग वाकून तिने विचारलं, "गेलं का?"

"नाई," बाबा म्हणाले.