सातविणीवरचा आरोप
काल संध्याकाळी सातविणीच्या फुलांचा उग्र वास आला आणि विजय नगरातल्या आमच्या बिल्डिंगची ती मीटिंग आठवून मी पुन्हा वैतागले. तेव्हा आमच्या फाटकाशी सातवीण होती आणि तिच्या सावलीत प्रेसवाला कपडे इस्त्री करायचा. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत सेक्रेटरी म्हणाले, “या फुलांनीच मला खोकला झालाय, वहिनी. झाड कापू, किस्सा खतम.” मी म्हटलं, “पुरावा काय? खोकला तुम्हाला गणपतीपासून आहे, फुलं तर दसऱ्याला आली. कारण नंतर आणि परिणाम आधी, असं कसं होईल?” ते शांतपणे म्हणाले, “झाड आतून तयारी करत होतं ना!” सगळ्यांनी माना डोलावल्या. निष्कर्ष आधीच ठरलेला असला की तर्काला कोण विचारतो? माझे पोहे मात्र गार झाले. झाड गेलं, सावली गेली, प्रेसवालाही गेला. खोकला राहिला. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, “मुळं आहेत ना अजून जमिनीत!” आता इस्त्रीचे कपडे घेऊन मला पुढच्या चौकापर्यंत चालावं लागतं. प्रेसवाला तिथे दुसऱ्या सातविणीखाली बसतो. काल त्याच्या डोक्यावर, खांद्यावर फुलं पडत होती, आणि मी उभी होते तेवढ्या वेळात तो एकदाही खोकला नाही.