राबाचा धूर

मोखाड्याकडे शेतात राब भाजल्याचा वास आला की मी शिकलो त्या नावाजलेल्या विद्यापीठातला थंडगार वर्ग आठवतो. सर सांगत होते, जंगलातली माणसं झाडाला हात लावत नाहीत. आमच्याच मोखाड्यातल्या सूर्यमाळची एक मुलगी उठली. "सर, आमी फांद्या तोडतो, वाफ्यात जाळतो. नायतर नागलीचा रोप जोर नाय धरत." "तू कुणीतरी शिकवलेलं बोलतेस," सर म्हणाले. वर्ग हसला. मग सरांनी मला विचारलं, "तूही तिकडचाच ना? खरं काय?" आदल्याच रविवारी मी घरी तशाच फांद्या जाळून राब भाजून आलो होतो, नखांतली काजळी निघाली नव्हती. मी म्हणालो, "आमच्याकडे असं नसतं, सर." ती खाली बसली, ती वर्षभर बोललीच नाही. आता तोच विषय मी शिकवतो. माझ्या वर्गातही कुणी उठत नाही.