डावीकडची जागा

नव्या गाडीला एक वास असतो. रबराचा, ताज्या रंगाचा, अजून कुणाच्याही घामाशी ओळख न झालेल्या आसनांचा. शोरूमच्या त्या गार, चकचकीत दालनात तो वास दाटून राहिला होता आणि त्या शांततेत रघुनाथच्या बोटांचा तेवढा आवाज येत होता. मधल्या आकाराच्या एका पिकअपच्या हौद्यावरून तो हात फिरवत चालला होता. मध्येच थांबून बोटाच्या पेराने पत्रा वाजवी, कान देई आणि पुढे सरके. पाहणाऱ्याला वाटले असते, किती चोखंदळ गिऱ्हाईक आहे. चोखंदळ तो होताच. पण त्या दिवशी तो हाताने पाहत होता, त्याचे कारण निराळे होते.

रघुनाथ माझा नवरा. त्याचे पूर्वज फार मागे म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. त्याच्या मराठीतून कन्नड वेगळी काढायची म्हटली तर दोन्ही भाषा फाटतील. मी साताऱ्याकडची. नोकरीसाठी या गावात आले, याच्याशी लग्न केले आणि पुढे नोकरी सोडून बोगादीच्या आमच्या रोपवाटिकेत मातीत हात घातले. घरात तिसरी अक्का, त्याची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली. रोपे वाढवायची मी आणि ती गावभर पोचवायची त्याने, अशी आमच्या संसाराची वाटणी होती. गोकुलमच्या गच्च्यांवर, नव्या वसाहतींच्या अंगणांत आज जी झाडे उभी आहेत, त्यांतली कितीतरी त्याने स्वतः हाकलेल्या व्हॅनमधून तिथवर गेली आहेत.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी तो घरी आला आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसला. गोकुलमच्या एका वळणावर बाजूने सायकलवाला आला होता. त्याने वेळीच उडी टाकली म्हणून वाचला, सायकलचे चाक मात्र वाकले. "तो मला दिसलाच नाही गं," रघुनाथ म्हणाला. "अंधार नव्हता. दिसलाच नाही."

डॉक्टरांनी तपासून सांगितले की त्याची दृष्टी कडांकडून आत आकसत चालली आहे. समोरचे दिसते, पण जणू नळीतून पाहावे तसे. ती नळी पुढे अरुंदच होत जाईल आणि गाडी आता चालवायची नाही. तो सगळे शांतपणे ऐकत राहिला. परतताना रिक्षात बसल्यावर एवढेच म्हणाला, "व्हॅन पण म्हातारी झालीय. नवी गाडी बघायला पाहिजे."

गाडी चालवायची नाही असे ज्याला आत्ताच सांगितले, तो नव्या गाडीचे बोलतो आहे? पण तो खरोखर बोलू लागला. रोज चहाच्या वेळी विषय तोच. एक गाडी होती लांब हौद्याची, पुढे दोनच आसने. उंच सुपारीची रोपे तिच्यात आडवी न करता जातील. दुसरी होती डबल केबिनची. मागे तिघांना बसायला जागा, पण हौदा आखूड. त्याचा कौल लांब हौद्याला. "कामाची गाडी कामासारखीच हवी," तो म्हणे. मी म्हणे, "आणि रविवारी? अक्काला काय हौद्यात बसवायचं?" अक्का गुडघ्यावर हात ठेवून म्हणे, "माझं मोणकाल एवढं वर जात नाही रे रघु. मला घरीच सोडा, सरि? चालेल ना?" चाकांची उंची, बोगादीच्या गल्लीत वळायला लागणारी जागा, फाळका पाडला की तो कमरेशी येतो की गुडघ्याशी, हे सारे तो पुन्हा पुन्हा घोळवत राही. मला हळूहळू उमगले की त्याला ठरवायचेच नव्हते. गाडी निवडणे चालू होते तोवर तो गाडी चालवणारा माणूस होता. निवड झाली की कुणी तरी त्या स्टेअरिंगमागे बसणार आणि ते कोण, हे आमच्या घरात अजून कुणी उच्चारले नव्हते. माझ्याकडे परवाना होता. फार पूर्वी शिकले होते आणि लग्नानंतर कधी गरजच पडली नव्हती.

शोरूममधला विक्रेता तरुण आणि अदबशीर होता. सगळे रघुनाथलाच सांगत होता. "सर, चालवून बघा ना," म्हणून त्याने किल्ली रघुनाथच्या हातात ठेवली. बाहेर आवारात डबल केबिनची गाडी उभी होती. रघुनाथने दार उघडले, सवयीने चढला, आसन मागे सरकवले, आरसा नीट केला. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. मी खिडकीपाशी उभी होते. मनाई करणारी मी कोण, आणि मनाई न करणारी तरी मी कशी? त्याने किल्ली लावली नाही. समोरच्या काचेतून तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला, एखाद्या माणसाला निरोप देताना आपण ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने. मग तो खाली उतरला. बॉनेटवर तळहात टेकून त्याच्या आधाराने पुढून वळसा घालून गेला, डावीकडचे दार चाचपून उघडले आणि आत बसला.

"चल," तो म्हणाला. "किल्ली लावलेली नाही. तू लाव."

मी स्टेअरिंगमागे बसले आणि किल्ली फिरवली. "मेल्लगे," तो म्हणत होता, "हळू, क्लच मेल्लगे सोड." आवाराला एक फेरी मारून आम्ही परतलो तेव्हा विक्रेता गोंधळून कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. रघुनाथ त्याला म्हणाला, "हीच घेऊ." मी म्हटले, "अरे, पण सुपारीची रोपं?" तो म्हणाला, "कमी मावतील. दोन खेपा कर. मला तेवढंच जास्त फिरायला मिळेल."

गाडी आली आणि माझे शिक्षण सुरू झाले. तो शेजारी बसून इंजिनाच्या आवाजावरून सांगे, "आता तिसरा टाक." फाटकातून मागे घेताना उतरून कडेला उभा राही आणि हौद्याचा पत्रा थापटत राही, थाप थांबली की मी थांबायचे. पण सगळे असे गोड नव्हते. एकदा बाजारात अचानक म्हैस आडवी आली, मी करकचून ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी त्याचा उजवा हात झेपावून स्टेअरिंगवर आला. "हात काढ," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्याने हात काढला, मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात ठेवून घरापर्यंत तसाच बसला. संध्याकाळी मी माफी मागायला गेले, तर म्हणाला, "बेडा, माफी नको. बरोबर बोललीस. एका गाडीला दोघांनी धरलं तर ती कुठंच जाणार नाही." पण रात्री तो जेवला नाही.

पाऊस सरल्यावर एका रविवारी आम्ही तिघे कावेरीकाठच्या तलकाडला देवळे पाहायला गेलो. अक्का मागे ऐसपैस बसली होती, गाडीची पायरी तिला जमली होती. तिथे वाळूच्या टेकड्या चढताना सगळेच पाय चाचपत टाकतात, सगळ्यांचाच तोल जातो. त्या वाळूत रघुनाथ इतरांसारखाच एक होता. वाळूखाली गेलेल्या देवळांच्या पायऱ्या तो अक्काचा हात धरून उतरला. कोण कुणाला धरून उतरत होते, ते मला वरून कळले नाही. मग कावेरीच्या काठी पाण्यात पाय सोडून तो बसला आणि कितीतरी दिवसांनी, पलीकडच्या काठावर काय काय दिसते ते मला विचारू लागला. मी सांगत गेले. सांगता सांगता माझ्याही लक्षात आले की इतके नीट मी कधी पाहिले नव्हते.

परतताना उन्हे कलली होती. उसाने भरलेल्या गाड्या रस्त्याने चालल्या होत्या. एका वळणाशी मी गिअर बदलायला हात नेला आणि त्याच्या सूचनेची वाट पाहिली. सूचना आली नाही. वळण मागे पडले, तरी तो काही बोलला नाही. मला वाटले, पुन्हा काही लागले की काय त्याच्या मनाला.

"मृणाल," मागून अक्का हलकेच म्हणाली, "झोपला गं तो."

मी पाहिले. डोके खिडकीच्या काचेला टेकलेले, ओठ किंचित उघडे, हात मांडीवर सैल पडलेले. इतक्या वर्षांत चालत्या गाडीत हा माणूस झोपलेला मी पाहिला नव्हता. बसमध्येसुद्धा तो ड्रायव्हरच्या पायाकडे बघत जागा राही. मनुष्य आपले ओझे नेमके कोणत्या क्षणी खाली ठेवतो, हे त्याला स्वतःला तरी कळत असेल का?

पुढे गाव लागले आणि गतिरोधक आला. मी ब्रेकवर पाय टेकवला, गाडी अगदी हळू त्यावर चढवली आणि तितकीच हळू उतरवली. तो हलला नाही.