जाईबाईंची बुटकी गौर

आमच्या लालबागच्या चाळीत जाईबाईंइतकं हट्टी दुसरं कोणी नाही. बाई कणकवलीकडच्या, नवरा गिरणीत कामाला होता. त्यांची गौर म्हणजे मुळांसकट उपटलेला तेरडा. मुळं ही गौरीची पावलं. शीवच्या टेकडीमागच्या उतारावर, खडकावरच्या पातळ मुरमात तो उगवतो. दरवर्षी बाई तिथूनच आणतात, आणि त्यांची गौर दिवेलागणीच्या आत उंबऱ्यात आल्याशिवाय मजल्यावरच्या कोणत्याच घरात गौर बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी तेरडा वीतभरच निघाला. मजल्यावर कोणीतरी हसलं आणि बाईंना ते लागलं. पुढच्या उन्हाळ्यात मुलाला, राजेशला, कामाला लावून त्यांनी उतारावर लाल माती आणि शेणखताच्या गोण्या ओतल्या. गौरीला उपाशी कशाला ठेवायची, म्हणे.

त्या भादव्यात मी त्यांच्यासोबत गेले. पाहतो तर छातीएवढं गवत. सकस मातीत ते माजलं होतं आणि तेरडा त्याखाली गुदमरून गेला होता. औषधालाही उरला नव्हता. ऊन कलायला लागलं होतं.

राजेश म्हणाला, "आये, दादरला ढीग पडलेत तेरड्याचे. चल ना."

"ती मुळां छाटलेली. बिनपायाची गौर घरात येतली कशी?"

वर, जिथे चढ सगळ्यात उभा, तिथली नवी माती पावसाने धुऊन नेली होती. काळा खडक उघडा पडला होता. बाई तिकडे निघाल्या. शेवाळावरून पाय सटकला, गुडघा फुटला, तरी थांबेनात. मला भीती वाटत होती आणि त्यांचा भयंकर रागही येत होता. पडल्या असत्या तर काय तोंड घेऊन परतणार होतो आम्ही?

खडकाच्या भेगेत मूठभर तेरडा होता. वीतभरच. बाईंनी हात घातला आणि तसाच थांबवला. एवढाच उरला होता, आणि बी न पडता उपटला असता तर पुढे काहीच उगवलं नसतं. मग त्यांनी पिकलेली एकेक बोंडी भेगेवर धरून दाबली. बी उडालं. सगळ्या बोंड्या फुटल्यावरच त्यांनी रोपं मुळांसकट हलकेच ओढली. तोवर ऊन पार उतरलं होतं.

दिवे लागता लागता बुटकी गौर उंबऱ्यातून आत आली. बाईंच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. कोणी हसलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात मायलेक पुन्हा टेकडीवर गेले. गोण्या त्याच होत्या, फक्त रिकाम्या. ओतलेली माती त्यांना खाली आणायची होती.