तक्त्यातून सुटलेली बाई

सेलूत आमच्या शेजारची लेक लिव्हर बदलण्याच्या ऑपरेशनवर संशोधन करते. आतडी निकामी झालेल्यांना शिरेतून अन्न द्यावं लागतं आणि त्यानं पुढं लिव्हर बिघडतं, हा तिचा विषय. बोलताना ती बोटांची पेरं मोजत असते आणि आपल्याच वाक्याला "नक्की ना?" विचारते.

दिवाळीत तिनं छापून आलेला लेख दाखवला. इंग्रजी मला फारसं कळलं नाही, पण तक्त्याची बेरीज मी केली. खाली छापलेल्या आकड्यापेक्षा एक पेशंट कमी भरत होता. तिच्या नावाला बट्टा लागेल म्हणून मी दोन दिवस गप्प राहिलो, मग सांगितलं.

तिनं तीनदा पेरं मोजली. "बरोबर आहे, काका. कुणीतरी सुटलंय." त्याच दिवशी तिनं मासिकाला चूक कळवली.

उन्हाळ्यात दुरुस्ती छापून आली, तशी ती मासिक आणि पेढे घेऊन आमच्या दारात. मागून तिची आई ओरडली, "चूक छापून आली अन् पेढे वाटायलीस व्हय?"

"आई, सुटलेली बाई सापडली! ऑपरेशननंतर तिची आतडीपण सावरली, ती आता तोंडानं जेवायलीय!"

मी आधी नव्या तक्त्याची बेरीज केली. बरोबर भरली. मग दोन पेढे घेतले.